आम्हाला नाही बाई मिळत!

न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला काय काय मिळालं, हे विचारावं लागत नाही. घराचं कर्ज तीन टक्क्यांनी मिळालं, गणपतीच्या दिवशी हॉलच्या दारातच पार्किंग मिळालं, मुंबईच्या विमानात ऐनवेळी बिझनेस क्लास मिळाला, हे सगळं खिचडीची प्लेट हातात पडायच्या आत आपल्याला कळलेलं असतं. पण एक गोष्ट अशी आहे की ती मिळाली तर लोक गप्प बसतात आणि नाही मिळाली तर चारचौघांत सांगतात. ती म्हणजे मुलांच्या कॉलेजच्या फीवर मिळणारं टॅक्स क्रेडिट.

“आम्हाला नाही बाई मिळत!” या वाक्यात तक्रार असते, उसासाही असतो. पण तो उसासा नीट ऐकावा. सोनं एवढं झालंय की लॉकर पुरत नाही, असं सांगताना जो सोडतात, त्या जातीचा तो असतो.

कारण उघड आहे. नवरा-बायको मिळून रिटर्न भरत असतील आणि उत्पन्न १,६०,००० डॉलरच्या आत असेल तर क्रेडिट पूर्ण मिळतं. तिथून पुढे ते घटत जातं आणि १,८०,००० ला संपतं. म्हणजे “आम्हाला नाही मिळत” म्हणणाऱ्या बाईने आकडा न उच्चारता आकडा सांगितलेला असतो. या मर्यादा २००९ साली ठरल्या. त्या महागाईला जोडलेल्या नाहीत, त्यामुळे तेव्हापासून अंडी, भाडी आणि पगार सगळे वर गेले तरी त्या जागच्या हललेल्या नाहीत. आज दोघंही आयटीत असलेल्या जोडप्याला ही रेघ ओलांडायला फारशी कर्तबगारी लागत नाही. पण हे कुणी कुणाला सांगत नाही.

एकदा एका कोजागिरीला, नुकत्याच टेक्ससहून आलेल्या एक वहिनी आनंदाने म्हणाल्या, “आम्हाला मिळाले ना पूर्ण अडीच हजार!” क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग कुणीतरी त्यांना मसाला दूध आणखी घ्यायचा आग्रह केला. जरा जास्तच आग्रह केला.

मी एका लहानशा अकाउंटिंग ऑफिसात काम करते. संक्रांतीच्या सुमाराला लोकांच्या हातात वर्षाच्या पगाराचे डब्ल्यू-टू फॉर्म पडायला लागले की मला फोन सुरू होतात ते पंधरा एप्रिलपर्यंत. वर्षभर “काय गं, कशी आहेस” म्हणणारी माणसं या काळात मला “ताई” म्हणतात. अलीकडे या फोनांत एक नवा प्रश्न असतो. पोरगं स्कॉटलंडला आहे, पोरगी टोरांटोला आहे, आयर्लंडला आहे. आता क्रेडिटचं काय? आणि विचारणारा उत्तरही स्वतःच देऊन टाकतो : “नसेलच म्हणा. परदेशी कॉलेजला अमेरिकेचं सरकार कशाला पैसे देईल?”

देतं. कायदा कॉलेज कुठे आहे हे विचारतच नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या विद्यार्थी-कर्ज योजनांत सामील व्हायला ते पात्र आहे का, एवढंच विचारतो. अशा परदेशी विद्यापीठांची रीतसर यादी आहे. तिच्यात ऑक्सफर्ड आहे, एडिंबरा आहे, टोरांटो आणि मॅकगिल आहेत, सेंट अँड्र्यूजही आहे. सेंट अँड्र्यूजची स्थापना १४१३ सालची, म्हणजे कोलंबस अमेरिकेला धडकायच्या एकोणऐंशी वर्षं आधीची. तेव्हा ज्या देशाचा पत्ताही जगाला नव्हता, त्या देशाच्या एका यादीत नाव आहे की नाही, यावर आज त्या विद्यापीठातल्या पोराच्या बापाचे अडीच हजार डॉलर ठरतात. इतिहासाने जरा जास्तच गंमत केली.

जर्मनीबद्दल मात्र विचारू नये. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फीच नाही. भरलेल्या फीवर क्रेडिट असतं, वाचलेल्या फीवर नसतं. हे एका काकांना समजावताना मला घाम फुटला. मुलाने फुकट शिकून आपलं नुकसान केलं, अशी त्यांची समजूत झाली होती.

हे क्रेडिट येतं कसं, तेही सांगून टाकते. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी असं त्याचं भारदस्त नाव. पदवीच्या पहिल्या चार वर्षांसाठी, दर मुलामागे. फीच्या पहिल्या दोन हजार डॉलरवर शंभर टक्के, पुढच्या दोन हजारांवर पंचवीस टक्के. एकूण अडीच हजार, तेही थेट करातून वजा. कर तेवढा नसेल तर यातले हजारापर्यंत रोख परत मिळू शकतात. स्कॉटलंडची ऑनर्स पदवी चार वर्षांची, त्यामुळे ते गणित चपखल बसतं. इंग्लंडची बहुधा तीन वर्षांची, म्हणजे एका वर्षाचं क्रेडिट वापराविना राहू शकतं. इंग्लंडवाले एक वर्ष आधी पोराला मोकळं करतात आणि वर आई-बापांची अडीच हजारांची हळहळ ठेवतात.

तर यंदा फेब्रुवारीत एक जोडपं माझ्याकडे आलं. मुलगा स्कॉटलंडात दुसऱ्या वर्षाला. भाऊंनी एक्सेलची शीट आणली होती. पौंडात भरलेला प्रत्येक हप्ता, तारीख, त्या दिवसाचा दर, दशांश चिन्हानंतर चार आकड्यांपर्यंत. शीटला चार रंग होते. मी म्हटलं, भाऊ, फी तीस हजारांच्या वर आहे आणि क्रेडिट पहिल्या चार हजारांतच संपतं. पहिला अर्धा हप्ता दाखवला तरी पुरे. ते थोडे खट्टू झाले. शेवटी म्हणाले, “असू दे, फाइलला लावा.” मी लावली. इतकी देखणी शीट आमच्या ऑफिसात आली नव्हती.

वहिनींची यादी वेगळी होती. विमानाची तिकिटं, दोन थर्मलचे जोड, पावसाचा कोट, छोटा कुकर, भाजणीचं पार्सल. यातलं काही चालत नाही. राहणं, जेवण, प्रवास, विमा, काही नाही. चालते ती शिक्षणाची फी आणि अभ्यासक्रमाला लागणारी पुस्तकं, ती दुकानातून घेतलेली असली तरी. लगेच मुलाला व्हिडिओ कॉल झाला. तिकडे रात्रीचे अकरा वाजले होते.

“पुस्तकं किती पौंडांची घेतलीस रे?”

“एकही नाही, आई. लायब्ररीत सगळं ऑनलाइन असतं.”

“एकही नाही?” वहिनींचा चेहरा पडला. मुलाने पैसे वाचवले म्हणून आईला वाईट वाटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

कॉल चालूच होता, तेव्हा म्हटलं त्याच्याकडून बाकीच्या चौकटीही भरून घेऊ. क्रेडिटचा फॉर्म ८८६३, पान दुसरं. विद्यार्थ्याचं नाव. संस्थेचा पत्ता, परदेशी असेल तर सूचना पाहा. संस्थेकडून १०९८-टी मिळाला का? अमेरिकेतलं कॉलेज हा फीचा कागद जानेवारीअखेर पाठवतं. परदेशी विद्यापीठांवर सहसा तशी सक्ती नसते. तेव्हा ‘नाही’ वर खूण. म्हणून क्रेडिट बुडत नाही, फक्त फी भरल्याचे आणि शिकत असल्याचे पुरावे आपण जपायचे. अर्धवेळ तरी शिकत होता का? हो. चार वर्षं आधीच पुरी झाली होती का? नाही. आणि मग रकाना सव्विसावा. मी तो नेहमी भरभर वाचते, पण वहिनींना इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं येतं.

“हे काय विचारलंय?”

विचारलं होतं ते असं की अमली पदार्थ बाळगल्याच्या किंवा विकल्याच्या गंभीर गुन्ह्यात हा विद्यार्थी दोषी ठरला आहे का.

“ताई, हे सगळ्यांना विचारतात?”

“सगळ्यांना, वहिनी. छापीलच आहे.”

“मग ‘नाही’ लिहा की.” असं म्हणून त्या दोन सेकंद थांबल्या आणि फोनकडे वळून म्हणाल्या, “नाही ना रे?”

तिकडून मुलगा हसला. तो का हसला, यावर पुढची पाच मिनिटं गेली. भाऊ मध्ये पडले : “अगं, दोषी ठरला असता तर आपल्याला कळलं नसतं का?” हे ऐकून वहिनी अधिकच गंभीर झाल्या, कारण प्रश्न दोषी ठरण्याचा आहे, करण्याचा नाही, हा बारकावा त्यांच्या लगेच लक्षात आला. मुलाने मग आजीची शपथ घेतली, आम्ही ‘नाही’ वर खूण केली आणि पुढे सरकलो.

जाता जाता सांगते, दुसरं एक क्रेडिट आहे, लाइफटाइम लर्निंग. त्याला ही अट नाही. आयुष्यभराच्या शिक्षणात तेही आलंच, असं कायद्याने गृहीत धरलेलं दिसतं.

उरला एकच रकाना : संस्थेचा ईआयएन. म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने दिलेला नऊ आकडी नंबर. हा नसेल तर अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी मागता येत नाही. आता कित्येक शतकं स्वतःच्या नावावर जगलेल्या विद्यापीठाकडे हा नंबर कुठून असणार, असं वाटेल. पण अमेरिकन पोरांची संख्या जिथे बरी असते, तिथल्या फी कार्यालयाला तो तोंडपाठ असतो. मुलाने ईमेल टाकली, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. भाऊ म्हणाले, आपल्याकडे असतं तर आधी अर्ज, मग अर्जाचा नमुना आणायला अर्ज. मी त्यांच्या होला हो केलं नाही. मी पुण्यात शिकले आहे, आणि माझी गुणपत्रिका वेळेवर मिळाली होती.

फॉर्म पुरा झाला. मी उत्पन्नाची बेरीज केली आणि थबकले. दोघांचं मिळून दीड लाखाच्याही खाली होतं. आदल्या वर्षी ते दोन लाखांवर होतं, मीच भरलं होतं. भाऊ खिडकीबाहेर बघत होते. वहिनी म्हणाल्या, “यांची कंपनी जूनमध्ये बंद झाली ना. आठ महिने झाले.”

आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना माहीत होतं की भाऊ सध्या ‘कन्सल्टिंग करतात’. दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांनी निवेदन केलं, तेव्हा तसंच सांगितलं होतं.

“पूर्ण अडीच हजार मिळतील,” मी म्हटलं.

“ते ठीक आहे,” वहिनी म्हणाल्या. “पण ताई, मंडळात कुणी विचारलं तर आम्हाला मिळत नाही म्हणून सांगा.”

मी सांगते तसंच. मला विचारणारेही पुष्कळ आहेत.

रेघेच्या वरच्या मंडळींची कसरत वेगळी. उत्पन्न वाढल्याचा आनंद ओसरला की त्यांना अडीच हजार आठवतात. मग एखादे काका पहिली युक्ती काढतात : “नवरा-बायकोंनी वेगवेगळं रिटर्न भरलं तर? ती एकटी नव्वद हजारांच्या आत आहे.” कायदा करणाऱ्यांनी हे काका आधीच पाहिलेले असावेत, कारण विवाहित असून वेगळं रिटर्न भरणाऱ्यांना हे क्रेडिट अजिबात मिळत नाही. दुसरी युक्ती जास्त अवघड आहे. आई-बापांनी मुलाला आपल्या रिटर्नवर अवलंबित म्हणून दाखवायचंच नाही. मग मुलाला स्वतःच्या रिटर्नवर क्रेडिट घेता येतं. हे कायदेशीर आहे. पार्सिपनीच्या एका घरी मी हे समजावत होते, तेव्हा पलीकडे आजी शेंगा सोलत बसल्या होत्या. सोलणं थांबवून त्या म्हणाल्या, “नातीला कागदावरनं काढताय?”

“आई, फक्त टॅक्सपुरतं.”

“कागदावरनं काढलेलं माणूस परत लागत नाही. आमच्या सातबाऱ्यावर काय झालं ते विसरलास वाटतं.”

सातबाऱ्यापुढे आमचं ऑफिस काय बोलणार? शिवाय हिशेब आजींच्याच बाजूचा निघाला. नातीने उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात मिळवलेल्या पैशांवर करच बसत नव्हता, आणि चोविशीच्या आतल्या अशा मुलांना परत मिळणारा हजाराचा भाग सहसा मिळत नाही. कर शून्य, तर क्रेडिटही शून्य. उलट मुलीला कागदावरून काढल्याबद्दल आई-बापांना अवलंबितामागे मिळणारे पाचशे डॉलर गेले असते. नात कागदावर राहिली.

याच्याहून करुण प्रकार मेडिकलवाल्यांचा. आपली बरीच मुलं इथल्या मेडिकल कॉलेजात नंबर लागला नाही की कॅरिबियन बेटांवर जातात. ग्रेनाडातलं सेंट जॉर्जेस त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. १९८३ साली रीगनसाहेबांनी ग्रेनाडावर सैन्य उतरवलं, तेव्हा जी कारणं दिली त्यातलं एक म्हणजे तिथल्या अमेरिकन मेडिकल विद्यार्थ्यांची सुरक्षितता. अशा विद्यार्थ्यांसाठी सरकार फौज पाठवतं, पण क्रेडिट देताना हात आखडतं. पदवीची चार वर्षं आधीच झालेली, म्हणून अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी नाही. उरतं लाइफटाइम लर्निंग : दहा हजारांच्या वीस टक्के, म्हणजे फार तर दोन हजार, तेही अख्ख्या रिटर्नमागे. मुलगा बापाच्या कागदावर असेल तर बापाचं उत्पन्न रेघेच्या वर. स्वतःच्या कागदावर असेल तर त्याला उत्पन्नच नाही, म्हणून कर नाही, म्हणून कापायला काही नाही. ज्याला कर आहे त्याला क्रेडिट नाही आणि ज्याला क्रेडिट आहे त्याला कर नाही. आपल्याकडे दात आणि चण्यांबद्दल जे म्हणतात ते अमेरिकन संसदेने कायद्यात बसवून दाखवलं आहे.

माझ्या भाच्याची कथा याच्या उलट. तो साताऱ्याहून एमएस करायला आला, हडसनच्या काठी राहतो, इथल्याच विद्यापीठाला फी भरतो. जानेवारीत त्याच्या हातात खराखुरा १०९८-टी पडला. पोरगं धावत माझ्याकडे आलं. त्याला सांगावं लागलं की एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी अनिवासी धरला जातो, आणि अनिवासींना सहसा यातलं कुठलंच क्रेडिट नाही. अमेरिकेत शिकणाऱ्याला नाही आणि स्कॉटलंडात शिकणाऱ्याला आहे, हे त्याला पटेना. समजूत घालायला एकच गोष्ट होती. भारत-अमेरिका कर-करारातल्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. इतर बहुतेक देशांच्या अनिवासी पोरांना ते मिळत नाही. तेवढ्यावर तो खूश झाला आणि खोलीतल्या कोरियन मित्राला सांगायला गेला. पहिल्या वर्षातच मंडळात सामील होण्याइतका तयार झाला म्हणायचा.

शिक्षणासाठीच्या ५२९ खात्यात मुलाच्या जन्मापासून पैसे साठवणाऱ्यांना एवढंच सांगते की यादीतल्या परदेशी विद्यापीठालाही ते पैसे चालतात. पण ज्या डॉलरवर ५२९ची सवलत घेतली, त्याच डॉलरवर क्रेडिट मागता येत नाही. म्हणून फीतले चार हजार खिशातून भरावेत, बाकीचे ५२९मधून. हे वाक्य मी दरवर्षी निदान वीस लोकांना सांगते आणि वीसही जण पुढच्या वर्षी सगळी फी ५२९मधून भरून येतात.

हे सगळं मी पुण्याला भावाला फोनवर सांगितलं. त्याचा मुलगा मेलबर्नला आहे. तो म्हणाला, “आणि आम्हाला?” मार्च २०२६पर्यंत लागू असलेल्या १९६१च्या आयकर कायद्यात ८०सी खाली मुलांच्या फीची सूट होती, पण ती भारतातल्याच संस्थेची. परदेशी शिक्षणाला चालायचं ते ८०ई : शैक्षणिक कर्जाचं व्याज, कितीही असो, आठ वर्षांपर्यंत. मुद्दल नाही. जुनी करप्रणाली लागायची, आणि कर्ज बँकेचं किंवा मान्यताप्राप्त संस्थेचं लागायचं. भावाने बँकेचं कर्ज काढलंच नव्हतं. वडिलांची शिकवण म्हणून फ्लॅट विकून फी भरली होती; कमी पडले ते मेव्हण्याकडून घेतले.

“मेव्हण्याचं व्याज चालतं का?”

“नाही.”

“तो घेतोय मात्र बँकेपेक्षा जास्त.”

त्यावर सरकारकडे कलम नाही.

एक कामाची गोष्ट सांगायची राहिली. मूल परदेशी विद्यापीठात शिकतंय म्हणून ज्यांनी मागच्या वर्षांत क्रेडिट सोडून दिलं, त्यांना मूळ रिटर्न भरल्यापासून साधारण तीन वर्षांपर्यंत १०४०-एक्स हे सुधारित रिटर्न भरून ते अजून मागता येतं. आधी आपलं उत्पन्न बघा, मग यादीत विद्यापीठाचं नाव बघा, मग फी कार्यालयाला नऊ आकडी नंबर विचारा. पात्र असाल तर लाजू नका, मागा. फॉर्म ८८६३ला दोनच पानं आहेत आणि मी ती पुन्हा नीट वाचून पाहिली : मंडळाला कळवलं का, असा रकाना त्यात कुठेही नाही.